थेंबघर निघालं फिरायला

बालमित्रांनो, सुट्टीत गावाला निघताना तुमच्या घरी काय काय सामान बांधतात? आमच्याकडे विचाराल तर वळकटी, पाण्याचा कॅन, जेवणाचे डबे, चिवड्याची बरणी, औषधांची पिशवी आणि ऐन वेळी आठवलेली छत्री! मग आई हमखास म्हणते, "आता राहिलं काय? घर तेवढं राहिलंय, तेही घ्या बरोबर!"

पण समजा, खरोखरच घर बरोबर नेता आलं तर?

गेल्या वर्षी आमच्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलानं रद्दीत सापडलेलं एक रंगीत चित्र आणलं होतं. चित्रात एक मोटार होती आणि तिच्या मागे जोडलेली एक बुटकी, चंदेरी पेटी. पेटीला दोनच चाकं, पुढून फुगीर, मागे निमुळती होत गेलेली. चित्र हातोहात फिरलं आणि वर्गात एकच गलका झाला.

"बाई, हे अंडं आहे का?"

"नाही हो बाई, झोपलेला बेडूक आहे!"

चित्राखाली इंग्रजीत नाव होतं 'टीअरड्रॉप ट्रेलर'. म्हणजे अश्रूच्या थेंबासारखी ओढगाडी. हे नाव मुलांना काही रुचलं नाही. रडका अश्रू कशाला? पाण्याचा थेंब म्हणू या की! म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं 'थेंबघर'. पुढे दोन महिने या थेंबघरानं आमच्या वर्गात मुक्कामच ठोकला. त्याचीच ही गोष्ट.

थेंबात दडलंय काय?

थेंबघराला स्वतःचं इंजिन नसतं. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली असते ना, तसं ते मोटारीमागे हुकाला अडकवायचं. आत दोन माणसांना झोपायची जागा. उंची साधारण चार फूट, त्यामुळे उभं राहायचं काम नाही. आत रांगत शिरायचं, बसून गप्पा मारायच्या आणि पाय पसरून झोपायचं.

"मग स्वयंपाक कुठं करायचा?" हा प्रश्न आलाच. खरी गंमत तिथेच आहे. थेंबाची मागची निमुळती बाजू म्हणजे एक मोठं झाकण. ते वर उचललं की खाली छोटंसं स्वयंपाकघर. ओटा, फळ्या, डब्यांचे कप्पे, शेगडी ठेवायची जागा. स्वयंपाक करणारा माणूस उभा असतो बाहेर, मोकळ्या हवेत. आणि वर उचललेलं झाकण म्हणजे त्याच्या डोक्यावरचं छप्पर!

ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत पूर्वी गुराखी हजारो गुरांचे कळप घेऊन महिनोन् महिने प्रवास करत. त्यांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून १८६६ साली टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्यानं लष्कराची एक जुनी घोडागाडी घेतली. तिच्या मागच्या बाजूला त्यानं कप्प्यांची पेटी बसवली. पेटीची फळी खाली पाडली की तिचं टेबल होई. थेंबघराच्या मागचं स्वयंपाकघर बघितलं की या गाडीची आठवण येते.

हौसेची घरं आणि गरजेची घरं

थेंबघरं अमेरिकेत लोकप्रिय झाली ती १९३० नंतरच्या दहा वर्षांत. १९२९ साली तिथे मोठी आर्थिक मंदी आली होती. कारखाने बंद पडले, लाखो लोकांची नोकरी गेली. पण अनेकांच्या दारात मोटार होती, लांबलांबचे रस्ते झाले होते आणि फिरण्याची हौस काही मंदीमुळे आटली नव्हती. हॉटेलात उतरायला मात्र पैसे नव्हते. मग घरबांधणीच्या आणि सुतारकामाच्या मासिकांनी थेंबघराचे आराखडे छापायला सुरुवात केली. लोक ते आराखडे पुढ्यात ठेवून, आपल्या परसात, करवत-हातोडी घेऊन कामाला लागले.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं, तेव्हा लष्कराचं बरंच सामान शिल्लक पडलं होतं. ते स्वस्तात विकायला निघालं. काही हिकमती लोकांनी त्यातून विमानाच्या पंखांचे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जीपची चाकं आणली आणि त्यांची थेंबघरं बनवली. बॉम्बफेकी विमानाचा पत्रा आता सहलीला निघाला! १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकानं छापलेला आराखडा तर आजही हौशी लोक शोधून काढतात. १९६० नंतर मोठमोठी, आत उभं राहता येणारी फिरती घरं आली आणि थेंबघर मागं पडलं. पण संगणकावरून आराखड्यांची देवाणघेवाण सुरू झाल्यापासून ते पुन्हा रस्त्यावर दिसू लागलं आहे.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ती माणसं ऊस तोडाय जायची का?"

क्षणभर मला काही सुचलं नाही. ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. आमची शाळा बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं टायरगाडीत संसार भरून साखर कारखान्यांकडे निघतात. तिथे ऊस संपेपर्यंत कोपीत राहायचं, म्हणजे उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपटात. ही मुलगीही दोन वर्षं आईवडिलांबरोबर गेली होती. गेल्या वर्षी ती पहिल्यांदाच आजीजवळ गावात थांबली होती. चाकांवरचं घर म्हटलं की तिला सहल आठवणार नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी तिला खरं ते सांगितलं. थेंबघरातून लोक फिरायला जात. पण त्याच वर्षांत अमेरिकेच्या ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत मोठा दुष्काळ पडला होता. नांगरलेली जमीन वाऱ्यानं उडून जात होती, धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार होत होता. तिथली हजारो कुटुंबं जुन्या मोटारींवर गाद्या, भांडी, पिंपं लादून कॅलिफोर्नियाला निघाली. कशासाठी? कापूस वेचायला, फळं तोडायला. रात्री रस्त्याच्या कडेला तंबूत राहायची. त्यांचं घरही चाकांवरच होतं, पण हौसेचं नव्हतं.

"म्हंजे आमच्यावानी," ती म्हणाली आणि खाली बसली.

आठ फूट बाय चार फूट

आता थेंबघर बनवतात कसं ते पाहू. आम्ही वर्गात त्याची छोटी प्रतिकृती करायचं ठरवलं होतं, म्हणून खऱ्या कामाची एकेक पायरी समजून घेतली.

पहिला प्रश्न: आकार किती मोठा? याचं उत्तर सुताराच्या दुकानात आहे. प्लायवुडचा तक्ता सर्रास आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मिळतो. सेंटिमीटरमध्ये २४४ बाय १२२. म्हणून कमी पैशात काम करणारे लोक आपलं थेंबघरच आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच धरतात. मग जमिनीला एक तक्ता, डाव्या भिंतीला एक, उजव्या भिंतीला एक. उगाच कापाकापी नाही, तुकडे वाया जाणं नाही. आधी मनात आकार ठरवून मग सामान आणायला गेलं की तक्ते जास्त लागतात. सामान बघून आकार ठरवला की पैसे वाचतात. शिंपीमामा नाही का आधी कापडाचा पन्हा बघतात, आणि मग कात्री चालवतात!

दुसरी पायरी भिंतींची. थेंबाची गोलाई काढायला मोठं कंपास लागत नाही. तक्त्यावर चार-पाच ठिकाणी खिळे ठोकायचे, त्यांना टेकून एक लवचीक पट्टी वाकवायची आणि पट्टीच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. झाली गोलाई! दोन्ही भिंती एकावर एक घट्ट आवळून कडा बरोबरच तासायच्या, म्हणजे जुळ्या भावंडांसारख्या सारख्या होतात. दाराच्या जागी कापून निघालेला तुकडा फेकायचा नाही. त्याचंच दार करायचं.

मग दोन्ही भिंतींच्या मधे छतासाठी आडव्या लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत थर्मोकोल, म्हणजे आत ऊन आणि थंडी कमी लागते. वरून अगदी पातळ प्लायवुड. ते गोलाईवरून वाकतं, पण एकाच दिशेनं नीट वाकतं. दुसऱ्या दिशेनं वाकवलं तर कुरकुर करतं, कधी मोडतंही.

आठ फुटांपैकी साधारण साडेसहा फूट झोपायला आणि उरलेले दीड फूट स्वयंपाकघराला. मग स्वयंपाकघर फारच अरुंद होणार, नाही का? त्यावर तोड अशी, की वरचे कप्पे झोपणाऱ्याच्या पायांवरून आत सरकवायचे. झोपल्यावर पायांच्या वर कुठे काय लागतं आपल्याला? ती रिकामी जागा डब्यांना दिली.

शेवटचं काम म्हणजे पाऊस बाहेर ठेवणं. थेंबघराचा मोठा शत्रू पाणीच. प्लायवुडच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात आणि लाकूड फुगतं. ॲल्युमिनियमचा पत्रा मढवला तर उत्तमच, पण तो महाग. तेव्हा काही लोक काय करतात, तर लाकडाच्या पक्क्या डिंकात जाड सुती कापड चिकटवतात आणि त्यावर घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तो रंग तीन-चार हात देतात. रंग पिऊन कापड घट्ट होतं आणि पाणी आत जात नाही.

आणि हो, एक गंमत! पावसाचा खरा थेंब चित्रातल्यासारखा शेपटीवाला नसतोच. लहान थेंब गोल गोळीसारखा असतो आणि मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, थेट बनपावासारखा. शेपटीवाला आकार हवेला मात्र आवडतो. पुढून गोलसर आणि मागे निमुळती वस्तू हवेतून कमी अडथळ्यानं जाते. १९३० नंतर मोटारी, आगगाड्या, सगळ्यांनाच असे गुळगुळीत आकार देण्याचं वेड लागलं होतं. थेंबघर त्याच काळातलं.

आमचं पहिलं थेंबघर

आम्ही दहास एक हे प्रमाण धरलं. म्हणजे २४४ सेंटिमीटरचे झाले २४.४. सोयीसाठी आम्ही २४ आणि १२ घेतले. वर्गाच्या डब्यात होते ६० रुपये.

मुलांनी सामानाची यादी केली. यादीत सगळ्यात वर काय? चंदेरी कागद! चित्रातलं थेंबघर चमकत होतं ना. मीही भुलले आणि हो म्हटलं. कागद आणि नक्षीच्या टिकल्या मिळून ४५ रुपये गेले. डिंकाला १५ गेले आणि डबा रिकामा. मग चाकांच्या आसासाठी काय? कुणीतरी खराट्याचा हीर आणला. फुकटात काम झालं म्हणून सगळे खूश.

थेंबघर दिसायला मात्र झकास झालं. आतमध्ये काड्यापेटीच्या उशा, मागे स्वयंपाकघर, झाकण उघडतं-मिटतं. स्वयंपाकघरात सामान म्हणून तीन खडे ठेवले. खेळण्यातल्या ट्रकमागे ते जोडलं आणि व्हरांड्यात ओढायला लागलो. दोन फूटही गेलं नसेल, आणि कट्ट! हीर मोडला. थेंबघर पोटावर बसलं.

मी म्हटलं, "आपण पैसे कुठे खर्च केले आणि कुठे वाचवले, ते फळ्यावर लिहा." लिहिल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्याच्यावर सगळा भार, त्याला हीर आणि जे नुसतं दिसायला, त्याला ४५ रुपये!

त्या दिवशी संध्याकाळी दोघं जण सायकलच्या दुकानात गेले आणि चाकाची एक जुनी तार मागून आणली. दुकानदारकाकांनी पैसेही घेतले नाहीत. म्हणजे चांगला आस महाग होता असं नाही. त्याचा विचार आम्ही शेवटी केला, एवढीच चूक.

गाडी उलाल झाली!

दुसऱ्या दिवशी नवा आस बसवला. आता उतार हवा म्हणून एक फळी तिरपी लावली. ट्रक पुढे, थेंबघर मागे. सोडलं, आणि थेंबघराची शेपूट इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलायला लागली. गाय माश्या हाकलते तशी! मग पुढची दांडी हुकातून उचकटली आणि थेंबघर मागच्या मागे उलटलं.

पुन्हा लावलं, पुन्हा तेच. हूक घट्ट केला, चाकं पुसली. काही उपयोग नाही. मी घरी पुस्तकं चाळली होती. त्यात वाचलं होतं, की ओढगाडीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. वाचलं होतं खरं, पण ते आमच्या या खेळण्याशी जोडायचं मला सुचलं नव्हतं.

मागच्या बाकावरची ती मुलगी केव्हा पुढे येऊन बसली, मला कळलं नाही. ती म्हणाली, "बाई, गाडी उलाल व्हायली. वझं म्होरं घ्यावं लागंल."

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बैलगाडी आहे त्यांना 'उलाल' माहीत असेल. गाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की पुढची दांडी वर उचलली जाते. जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि त्यांच्या गळ्याला फास बसतो. चढावर तर गाडी उलटायचीच भीती. उलट सगळा भार पुढे आला तर जू मानेवर चेपतं आणि बैलांची मान सुजते.

"तुझे बाबा ऊस भरताना कसं बघतात?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. मोळ्या रचायच्या त्या मागं-पुढं सारख्या बघून. गाडी भरत आली की जू हातानं उचलून बघायचं. अगदी हलकं लागलं तर मागं जास्त झालं, दोन मोळ्या पुढे. उचलतच नसेल तर पुढं जास्त झालं, दोन मोळ्या मागे. "थोडं जड लागलं पाहिजे. थोडंच," असं म्हणून तिनं हात पुढे करून दाखवला, जणू जू हातातच आहे. ती एवढं सलग बोललेली आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. वर्ग अगदी गप्प होता.

तिनंच थेंबघराच्या स्वयंपाकघरातले दोन खडे काढले आणि पुढच्या बाजूला, उशांपाशी ठेवले. दांडी बोटावर तोलून पाहिली. एक खडा अजून थोडा सरकवला. "आता सोडा."

सोडलं. थेंबघर ट्रकमागे सरळ उतरलं. ना झुललं, ना उलटलं. मुलांनी व्हरांडा डोक्यावर घेतला!

मग आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. सामानासकट थेंबघर ५०० ग्रॅम. चाकं जमिनीवर ठेवून आणि नुसतं दांडीचं टोक काट्यावर टेकवून पाहिलं, तर ६० ग्रॅम. टक्के काढा बरं! बारा टक्के. दहा आणि पंधराच्या बरोबर मधे. तिनं बोटानं जोखलेलं आणि पुस्तकात छापलेलं एकच निघालं.

खऱ्या थेंबघराचाही हिशेब असाच असतो. सामान भरून ते ४०० किलोचं झालं, तर हुकावर ४० ते ६० किलो भार हवा. म्हणून त्याची चाकं बरोबर मधोमध नसतात, मधल्या रेषेच्या थोडी मागे असतात. मागे भार जास्त झाला तर वेगात थेंबघर झुलू लागतं आणि मोटारीलाही ओढून नेतं. हुकावर भार फार झाला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि वळवायला त्रास होतो. पाण्याचे कॅन आणि डबे कुठे ठेवले, एवढ्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो.

कुठे वाचवायचं, कुठे नाही?

आमच्या फळ्यावर त्या दिवशी दोन रकाने झाले.

वाचवायला हरकत नाही असा पहिला रकाना: रंग, पडदे, दाराची मूठ, कप्पे, गादी. जुन्या कपाटाच्या फळ्या, घरात उरलेला रंग, आईच्या जुन्या साडीचे पडदे, काहीही चालेल. चुकलं तर फार तर वाईट दिसेल.

दुसऱ्या रकान्यात मात्र पैसे वाचवायचे नाहीत. आस आणि टायर. हूक. हूक निसटला तर थेंबघर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या, ज्या दांडीखाली फुलीसारख्या अडकवतात. मागचे लाल दिवे आणि वळण दाखवणारे दिवे. आणि शेवटी हवेची वाट. एवढ्याशा बंद पेटीत दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, म्हणून एक झरोका खाली आणि एक वर हवाच. शेगडी आत कधीही पेटवायची नाही. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. थेंबघराची चूल बाहेरच्या बाजूला असते, ते किती बरं! आपल्या घरीही थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपायचं नाही, हे लक्षात असू द्या.

करून पाहा

१. किराणा दुकानातून एक पुठ्ठ्याचा खोका आणा. त्यातून २४ बाय १२ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापा. एक जमीन, दोन भिंती.

२. एका भिंतीवर टाचण्या टोचा, त्यांना टेकवून खराट्याचा हीर वाकवा (इथे हीर चालतो!) आणि थेंबाची गोलाई काढा. दोन्ही भिंती एकत्र धरून कातरा.

३. गोलाईची लांबी पट्टीनं मोजता येणार नाही. तिच्यावरून दोरा फिरवा आणि मग दोरा पट्टीवर धरा. तेवढ्या लांबीची, १२ सेंटिमीटर रुंद पट्टी छतासाठी कापा. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या दिसतात ना? त्या नळ्या पट्टीच्या रुंदीच्या दिशेनं आल्या, तरच छत छान वाकेल. प्लायवुडचं वागणं असंच असतं.

४. छताचा मागचा भाग वेगळा कापून कापडाच्या चिंधीनं वर जोडा. झालं स्वयंपाकघराचं झाकण.

५. सायकलच्या चाकाची तार आस म्हणून घ्या. ती सरळ कापून देण्यासाठी मोठ्या माणसाची मदत घ्या. चाकांना बाटल्यांची झाकणं. आस आधी मधोमध लावा, मग दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवा आणि काय फरक पडतो ते पाहा.

६. बांबूची कामटी दांडी म्हणून पुढे बसवा. आत खडे ठेवा, मागे-पुढे करा आणि दांडीचं टोक काट्यावर ठेवून टक्के काढा.

रंगरंगोटी सगळ्यात शेवटी! पैसे उरले तर.

पालकांसाठी दोन शब्द

हे वाचून एखाद्या हौशी बाबांना किंवा काकांना खरंखुरं थेंबघर करावंसं वाटलं, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच धरला जातो. त्यामुळे तो रस्त्यावर आणण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन नियम विचारायला हवेत. सांगाडा, आस आणि हूक यांचं काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावं. पुठ्ठ्याच्या थेंबघराला मात्र कुणाच्याच परवानगीची गरज नाही. आणि ते करताना मुलं चुकीच्या जागी पैसे घालवत असतील, तर एकदा घालवू द्यावेत. आमच्या ४५ रुपयांनी जे शिकवलं, ते मी फळ्यावर सांगून शिकवू शकले नसते.

आमचं थेंबघर अजून वर्गातल्या कपाटावर आहे. चंदेरी कागद आता निघायला आलाय, सायकलची तार मात्र पक्की आहे. मुलांनी त्याच्या मागे नंबरची पाटीही रंगवली आहे, 'एमएच २३', म्हणजे आपलं बीड. अधूनमधून कुणीतरी ते खाली काढतं आणि सोडायच्या आधी दांडी बोटावर तोलून बघतं. हे बघायला मात्र आता कुणाला सांगावं लागत नाही.

तर मग लागा कामाला! आणि तुमच्या थेंबघराच्या दांडीवर किती टक्के भार आला, ते या साप्ताहिकाच्या पत्त्यावर आम्हाला नक्की कळवा. पहिल्यांदा उलाल झालं असेल, तर तेही कळवा. आमचंही झालं होतं!